वरून पहिली ओळ

मिरजेच्या बोडस सरांनी गेल्या कित्येक वर्षांत संगणकावरची एकही एरर वाचली नव्हती. ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे खुद्द बोडस सर. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

मूठ मात्र भारदस्त होती हो. मुकुंद बोडस हे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतलं वजनदार नाव. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या बनवणाऱ्या कंपनीत ते सॉफ्टवेअरचे प्रमुख. प्रमुख होण्याआधी ते नोकरी सांभाळून घरी संध्याकाळचा क्लास चालवायचे आणि निम्मी मिरज तिथं प्रोग्रॅमिंग शिकून गेली होती. पोरं टर्मिनलच्या काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करायची, एंटर मारायची आणि लाल अक्षरांचा लोंढा यायचा. घाबरलेली पोरं शेवटच्या ओळीकडं बघत बसायची. मग सरांचा आवाज चढायचा. "अरे बाबांनो, खाली काय बघताय? वरून पहिली ओळ वाचा! दुखणं तिथं असतं. खालच्या सगळ्या नुसत्या बोंबा!"

हे वाक्य इतकं गाजलं होतं, की सरांच्या विद्यार्थ्यांच्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर कुणीतरी हमखास ओरडायचं, "आता वरून पहिली ओळ वाचा!" आणि सगळा मांडव हसायचा.

पुढं कोड लिहिणारी यंत्रं आली. माणसानं काय हवं ते सांगायचं, यंत्रानं हजारो ओळी लिहून द्यायच्या. त्या चालल्या नाहीत, तर खिडकीतली लाल अक्षरं उचलून यंत्रालाच द्यायची, ते देईल ते आणून चिकटवायचं, आणि कोड कंपाइल होऊन, म्हणजे यंत्राला चालवता येईल असा होऊन, सगळ्यात खाली हिरव्या अक्षरांत 'तयार' दिसलं की चहाला जायचं. सगळेच असं करत होते. सरही करायला लागले. सुरुवातीला टोचलं, मग सवय झाली, आणि एक दिवस सरांना जाणवलं की आपल्याच पेटीतला कोड आपल्याला कळत नाही. त्यांनी ते मनातल्या मनात दाबून टाकलं. हाताखालच्या पोरांवर मात्र ओरडणं चालूच ठेवलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

अशात दूर कुठल्याशा राज्यात औषध सोडणाऱ्या एका पंपानं रुग्णांना चुकीचा डोस दिला. चौकशीत विचारलं गेलं, की ही ओळ इथं का आहे? जगात एकालाही सांगता येईना. सही करणारा म्हणाला, "पण कंपाइल झालं होतं की!" त्या एका वाक्यावरून देश पेटला आणि कायदा आला. ज्या यंत्रावर माणसाचा जीव अवलंबून आहे, त्याचा कोड सही करणाऱ्याला समजलाच पाहिजे. न समजलेला कोड कंपाइलच व्हायचा नाही.

आता समजलंय की नाही हे ओळखायचं कसं? त्यासाठी 'जाणता' नावाचा नवा कंपायलर आला. त्याची युक्ती साधी होती. जाणता गुपचूप कोडमधली एक छोटी गोष्ट बदलायचा, एखादी अट उलटी करायचा, एखादी ओळ गाळायचा, आणि काळ्या खिडकीत विचारायचा: 'आता बाळ आत असताना पेटीचं दार उघडं राहिलं, तर काय होईल?' सही करणाऱ्यानं आपल्या शब्दांत, मराठीतसुद्धा, उत्तर द्यायचं. जाणता तो बदललेला कोड संगणकातल्याच एका आभासी पेटीवर चालवून बघायचा. उत्तर जुळलं की त्या ओळीवर समजेची खूण. प्रश्न रोज नवे, त्यामुळे पाठांतराला वाव नाही. जिथं खूण नाही, तिथं लाल अक्षरं.

पहिल्या दिवशी सरांनी सहीसाठी अंगठा टेकवला, दहा-बारा उत्तरं ठोकून दिली आणि एंटर मारला. खिडकी वरपासून खालपर्यंत लाल झाली.

'त्रुटी, ओळ ४१८: सही करणाऱ्याला ही ओळ समजलेली नाही.'

'त्रुटी, ओळ ४१९: सही करणाऱ्याला ही ओळ समजलेली नाही.'

आणि तेच, तेच, तेच. सरांची पाचावर धारण बसली. त्यांनी घाईघाईनं खिडकी बंद केली, कुणी बघितलं का म्हणून मागं वळून पाहिलं, आणि डोळे चोळत हाक मारली. "रेश्मा, जरा इकडं ये गं. या मेल्या मोतीबिंदूनं अक्षरं नाचायला लागलीत. तू बस माझ्या जागी, मी शेजारी आहेच."

रेश्मा मुजावर. सरांच्या क्लासातली शेवटच्या बॅचची मुलगी. परकर-पोलक्यातल्या पोरीचं कौतुक करावं तसं सरांच्या बायकोनं, नीलाताईंनी, तिचं कौतुक केलं होतं. क्लास सुटला तरी तिला भडंग खाल्ल्याशिवाय सोडायच्या नाहीत. आता तिशीची झालेली रेश्मा सरांच्याच हाताखाली इंजिनीअर होती. यंत्रानं लिहिलेला कोड ती घरी नेऊन वाचायची, हे ऑफिसात थट्टेचा विषय होतं. ती सरांच्या खुर्चीत बसली, प्रश्न वाचले, उत्तरं लिहिली. तिची एक खोड होती. काय होईल म्हटलं, की ती यंत्रापासून सुरुवात करायची नाही, बाळापासून करायची. 'बाळाचे पाय आधी गार पडतील, मग तापमापकाला कळेल, मग हीटर वाढेल.' शेवटी हिरवं 'तयार' आलं.

"व्वा!" सर म्हणाले. "माझ्या मनात होतं तेच लिहिलंस." आणि चहाला गेले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यानंतर लवकरच झालं. डोळे लख्ख झाले. पण खुर्चीतली रेश्मा काही हलली नाही. अंगठा सरांचा, समज रेश्माची, सही सरांची, असा रोजचा रिवाज पडला. सर लांबून खिडकीचा खालचा कोपरा तेवढा बघायचे. हिरवं दिसलं की झालं.

जवळपास वर्ष असंच गेलं. मग जाणत्याची नवी आवृत्ती आली. या धंद्यातल्या लोकांना ठाऊक असतं, की नव्या आवृत्तीत जुन्या सूचना त्रुटी बनतात. काल नुसतं कुरकुरणारा कंपायलर आज अडून बसतो. त्या सकाळी रेश्मानं एंटर मारला, आणि हिरवं काही आलंच नाही. खिडकीत एकच त्रुटी, आणि तिची नक्कल आपोआप सरकारी प्राधिकरणाकडं गेलेली.

'त्रुटी: ही समज मुकुंद बोडस यांची नाही. रेश्मा मुजावर यांची आहे.'

जाणत्याला कसं कळलं? त्यामागचं शास्त्र भारी होतं. समज सगळ्यांची एकसारखी असते, गैरसमज मात्र ज्याचा त्याचा वेगळा असतो. कुठं अडखळतो, कुठं घाई करतो, काय आधी सांगतो, यावरून माणूस ओळखू येतो. रेश्मानं तिच्या स्वतःच्या खात्यावर सरावाची उत्तरं दिली होती. तिथंही बाळाचे पायच आधी गार पडत होते.

कंपनीचे मालक निखिल आवटी, वयानं सरांहून वीस वर्षांनी लहान, पण व्यवहाराला पक्के. त्यांनी सरांना केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. "सर, उद्या प्राधिकरणाच्या ठोंबरे मॅडम येतायत. मी कायदा वाचलाय. जाणता आधीपासून रोज वर एक सूचना देत होता म्हणे, की खुर्चीत दुसरं कुणीतरी आहे. ती सूचना तुम्ही वाचली, पण तज्ज्ञ म्हणून तुम्हाला ती यंत्राची चूक वाटली, एवढं म्हणा. तज्ज्ञाचं मत चुकलं तर कायदा माफ करतो, मग तुमच्यावर ठपका नाही. तिनं तुमच्या नकळत उत्तरं दिली असं होईल."

"आणि वाचलीच नाही म्हटलं तर?"

"तर तुमच्या वर्षभराच्या सगळ्या सह्या खोट्या. सहीचा अधिकार कायमचा गेला. ती सुटेल, कारण ती तुमच्या हुकमानं बसली असं धरतील." आवटी पुढं झुकले. "पण वाचली नाही असं तुम्ही कसं म्हणणार? तुम्ही! लोक हसतील की, सर."

सरांच्या कानाची पाळी तापली. "आणि तिचं काय?"

"तिचा सहीचा अधिकार जन्मभरासाठी जाईल. पण हुशार आहे, करील काहीतरी दुसरं."

सरांनी तिथल्या तिथं नाही म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, "बघू." घरी जाताना हा एक शब्द त्यांना पायात घुसलेल्या काट्यासारखा सलत राहिला, पण त्यांनी तो परत घेतला नाही.

संध्याकाळी रेश्मा घरी आली. नीलाताईंनी भडंग पुढं ठेवलं, तिनं हात लावला नाही. नीलाताई ओळखून आत गेल्या.

"सर, एक विचारायचंय," रेश्मा म्हणाली. "उद्या काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मी त्याबद्दल आले नाही. पण मला एवढं सांगा, त्या मदतीच्या ओळीचं तुम्हाला काय वाटायचं?"

"कुठली मदतीची ओळ?"

तिला वाटलं सर वेड पांघरतायत. तिचा चेहरा पडला. "सर, रोज वर यायची ना. 'सूचना: उत्तरं देणारी व्यक्ती सही करणारी नाही.' आणि त्याच्याखाली, 'मदत: जिला समजतं तिचं नाव सहीत जोडा.' नाव टाइप करायचं, तिनं अंगठा टेकवायचा, संपलं. पण जोडायचा अधिकार फक्त तुम्हाला." तिनं ताटली बाजूला सारली. "मी स्वतःच्या तोंडानं कसं म्हणणार, की माझं नाव घाला? मला वाटायचं, सर वाचतायत. सर पहिली ओळ वाचल्याशिवाय राहणारच नाहीत. आज नसेल वाटलं त्यांना, उद्या वाटेल. अजून मी कच्ची असेन. असं मी वर्षभर रोज स्वतःला सांगितलं, सर."

बोडस सरांना आत्ता उमगलं. ही पोरगी समजत होती, की आपण रोज तिचं नाव बघतोय आणि रोज ते नाकारतोय. वर्षभर तिनं हा अपमान गिळला आणि रोज आपल्या खुर्चीत येऊन बसली. आणि खरं काय, तर आपण तिकडं पाहिलंच नव्हतं. 'अगं, मी वाचलीच नव्हती' एवढं म्हटलं असतं तर तिच्या मनातलं ओझं तिथंच उतरलं असतं. वाक्य जिभेवर आलं. पण ते वाक्य म्हणजे मूठ उघडणं.

"तू जरा थांबायला हवं होतंस. मीच करणार होतो," सर म्हणाले.

रेश्मानं मान हलवली आणि उठली. ती गेल्यावर नीलाताई बाहेर आल्या, भडंगाची भरलेली ताटली उचलली आणि म्हणाल्या, "काय केलंत हो तुम्ही त्या पोरीला?" सरांनी टीव्हीचा आवाज वाढवला. स्वतःची इतकी किळस त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या खोलीत प्रोजेक्टर लावला होता. भिंतीवर ती काळी खिडकी, भिंतीएवढी. काचेपलीकडं सगळं ऑफिस काम करायचं सोंग करत इकडंच बघत होतं. ठोंबरे मॅडम साध्या, शांत बाई. सुती साडी, आवाज कुठंही न चढणारा.

"बोडस, कंपायलरची ही सूचना तुम्ही वाचली होती?"

आवटींनी सरांकडं पाहिलं. रेश्मानं पाहिलं नाही.

"वाचली होती," बोडस सर म्हणाले. "मला ती यंत्राची चूक वाटली."

"ठीक आहे." मॅडमनी लिहून घेतलं. "मग मुजावर, तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही, मॅडम," रेश्मा म्हणाली. "सरांनी वाचली होती, हे मला माहीत आहे." आणि तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्याची दोरी गुंडाळली, नीट, जशी कुणी दुसऱ्याची वस्तू परत करताना गुंडाळतो तशी. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सरांनी निभावून नेलं असतं. पण ती खोटं बोलत नव्हती, ते सरांचा जीव खाऊन गेलं. तिला खरंच वाटत होतं की सरांनी वाचलं होतं. हा विश्वास ती आता जन्मभर घेऊन जाणार होती, की आपल्या गुरूनं रोज बघून, जाणूनबुजून आपल्याला लायक ठरवलं नाही.

"थांबा," सर म्हणाले.

आवटी म्हणाले, "सर, झालंय आता."

"काही झालेलं नाही." सर उठले, प्रोजेक्टरच्या संगणकापाशी गेले, अंगठा टेकवला. "मॅडम, मी उत्तरं देतो. माझी मी."

जाणत्यानं प्रश्न विचारले. भिंतीवर सगळ्यांना दिसत होते. सरांनी जमतील तशी उत्तरं लिहिली. शब्द चुकत होते, खोडून परत लिहीत होते. एका प्रश्नावर तर त्यांनी नुसतं 'माहीत नाही' लिहिलं. मग एंटर मारला.

भिंत लाल झाली. ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ, थांबेचना. काचेपलीकडची सगळी मंडळी उभी राहिली. यातली निम्मी सरांच्या क्लासात शिकलेली. सरांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. खिडकी अखेर सगळ्यात खाली येऊन थांबली. तिथं हिरवं काही नव्हतं.

वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांची नजर खालीच गेली होती. त्यांनी ती ओढून वर नेली. खिडकी वर सरकवली, अगदी पहिल्या ओळीपर्यंत, आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"त्रुटी. सही करणाऱ्याला या प्रोग्रॅममधलं फारसं काही समजलेलं नाही." त्यांची नजर एक ओळ खाली उतरली. "मदत. जिला समजतं तिचं नाव सहीत जोडा." ते वळले. मॅडमकडं नाही, रेश्माकडं. "पोरी, हे मी आज पहिल्यांदा वाचतोय. देवाशपथ सांगतो, एकदाही वाचलं नव्हतं. एरर वाचायचं मी कधीच सोडलंय. खालचं हिरवं बघत होतो. तुझं नाव मी कधी नाकारलं नाही गं. मी तिकडं बघितलंच नाही."

रेश्मा त्यांच्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते सरांना कळेना. आधी सुटका होती. मग हळूहळू दुसरंच काहीतरी आलं. ज्या माणसाला आपण वर्षभर निष्ठुर समजलो, तो नुसता पोकळ निघाला, हे पचवायला तिला वेळ लागत होता.

सरांनी खिडकीत तिचं नाव टाइप केलं. ती पुढं आली. अंगठा टेकवण्याआधी क्षणभर थांबली, मग टेकवला. प्रश्न आले, तिनं उत्तरं दिली. भिंतीवर हिरवं 'तयार' उमटलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

बोडस सरांच्या सह्या रद्द झाल्या. पेट्या परत तपासायला लागल्या, आवटींचं नुकसान झालं, त्यांनी सरांचं केबिन काढून घेतलं आणि केवळ जुनी ओळख म्हणून कोपऱ्यातलं एक टेबल दिलं. गावात बातमी पसरायला काय लागतं? भाजी मंडईत एक जुना विद्यार्थी समोरून आला आणि रस्ता बदलून गेला. नीलाताईंना सरांनी सगळं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "लाज वाटायला हवी तुम्हाला."

"वाटते," सर म्हणाले.

रेश्मा आता सरांच्या जुन्या खुर्चीत बसायची, स्वतःच्या नावानं. घरी मात्र ती आली नाही. भडंगाचा डबा नीलाताईंनी दोनदा पाठवला; डबा धुऊन परत आला, पाठोपाठ ती आली नाही.

एके दुपारी सर तिच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. हातात काही नाही, नजर खाली. "त्या दिवशी भिंतीवर सगळं लाल होतं. मी नंतर एकटाच परत वाचत बसलो. मधल्या तीन ओळींवर त्रुटी नव्हती. तापमापक बोलायचा बंद झाला, तर हीटर बंद कर आणि घंटा वाजव. त्या मी लिहिल्या होत्या, फार पूर्वी, हातानं. यंत्रानं अजून कशा ठेवल्या?"

"यंत्र दर वेळी बदलायला बघतं," रेश्मा स्क्रीनकडं बघतच म्हणाली. "मी बदलू देत नाही."

"का?"

"तुम्ही क्लासात त्याच शिकवल्या होत्या. मला समजलेल्या त्या पहिल्या ओळी."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्यांच्या तीन ओळी इतकी वर्षं राखल्या होत्या, आणि त्यांनी तिची एक ओळ वाचली नव्हती. जावं म्हणून ते वळले.

"कुठं निघालात?" रेश्मानं पायानं शेजारचं स्टूल पुढं सरकवलं. आवाज कोरडाच होता, माफीचा नव्हता. "बसा. तीन येतात, आता चौथ्या ओळीपासून सुरू करा. बदल करा आणि चालवा."

सर स्टुलावर बसले. चौथ्या ओळीत त्यांनी घाबरत घाबरत थोडा बदल केला आणि एंटर मारला. खिडकी लाल झाली आणि सरांची नजर धावत तळाला गेली.

"वरून, सर," रेश्मा म्हणाली.